पखवाजाची कणीक आणि पडद्यावरची रेघ
मास्टरिंगच्या इक्वलायझरांची तुलना : प्रस्तावना

पोलादपूर तालुक्यात हरिनाम सप्ताहाला कीर्तन सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं मला फार आवडतात. बुवा आत फेटा बांधत असतात, टाळकरी रांगा धरत असतात, माइकवाला ‘चेक, चेक’ करत असतो, आणि मृदंगमणी मात्र खाली मांडी घालून वाटीतली कणीक मळत बसलेला असतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओला हात फिरवून तो कणकेचा गोळा मधोमध थापतो, कडा बोटांनी बसवतो आणि एक थाप मारून कान लावतो. आवाज कोरडा निघाला की आणखी चिमूटभर. फारच जड झाला की नखाने थोडी खरवडून काढायची. उजव्या पुडीचे गठ्ठे हातोडीने ठोकून ती पेटीच्या पट्टीत मिळवणं हे निव्वळ सुराचं काम. डावीकडच्या कणकेत सुराबरोबर घुमाराही असतो. थापेतला कोणता भाग वर यावा आणि कोणता दबावा, हे तो चिमटीने ठरवतो.

मास्टरिंग करताना मी हेच करतो, फक्त माझ्या हाताला पीठ लागत नाही.

या कणकेमागचं आणि उजव्या पुडीवरच्या शाईमागचं शास्त्र काही गावठी नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता ढोल सुरात लागत नाही. कातड्याच्या मध्यावर वजन चढवलं की तेच उपस्वर तारेच्या वाद्यासारखे एका रांगेत येतात. आपल्या कारागिरांनी हे शतकानुशतकं हाताने केलं होतं. रामन यांनी ते मोजून दाखवलं. पुढल्या पानांत आपणही तेच करणार आहोत. जे कानाला आधीच कळतं, ते मोजायचं.

विषय एका वाक्यात सांगतो. निरनिराळे इक्वलायझर प्लगइन एकमेकांशेजारी ठेवायचे आणि ते कुठे खरोखर वेगळे आहेत, कुठे वेगळे असल्याचा नुसता भास होतो, हे तपासायचं. मास्टरिंग म्हणजे मिक्स संपल्यावर, सगळे गळे आणि सगळी वाद्यं एका स्टीरिओ फाइलीत बांधली गेल्यावर, ती लोकांपर्यंत जाण्याआधी फिरवलेला शेवटचा हात. मिक्स म्हणजे उकळलेली आमटी. हळद जास्त पडली असेल तर आता ती वेगळी काढता येत नाही. मीठ आणि आमसूल एवढंच हाती उरतं. म्हणून मिक्समध्ये जिथे सहा डेसिबल बेधडक वाढवतात, तिथे मास्टरिंगमध्ये अर्धा डेसिबल, फार तर एक-दीड, एवढाच हात चालतो. आणि फरक इतका बारीक असला की कान फसायला वेळ लागत नाही. या विषयाची सगळी अडचण इथे आहे, आणि गंमतही.

हे सगळं महाड-पोलादपूरच्या माणसाने का वाचावं, असं कुणी विचारील. तर इथे सध्या गावोगाव रेकॉर्डिंग चालतं. गौरी-गणपतीत जाखडीच्या, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या होतात. मध्ये शाहीर, ढोलकी, झांज आणि भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं. शिमग्याला सनई आणि ढोल-टिमकी, कार्तिकात काकडा, वर्षभर भजनं. मोबाइल नाही तर एखादा छोटा रेकॉर्डर लावून हे सगळं टिपलं जातं, रात्री लॅपटॉपवर चढतं आणि सकाळी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या फोनवर पोचतं. लोकलच्या गर्दीत, इवल्याशा स्पीकरवर, ते गावचं भजन ऐकतात. तिथे पखवाज ऐकूच येत नाही आणि टाळ कानात सुईसारखे टोचतात. मग लॅपटॉपवाला पोरगा विचारतो, ‘दादा, चांगला इक्वलायझर कुठला?’ हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की उत्तर द्यायला एवढी पानं लिहावी लागली.

त्याआधी तुमच्याजवळ काय आहे ते बघू. आवाजाच्या पट्ट्यांना आपल्या भाषेत नावं पूर्वीपासून आहेत. महाडच्या बाजारात माठाला टिचकी मारून ‘बद्द वाजतोय’ म्हणत तो परत ठेवणाऱ्या बाईला हर्ट्झ कुणी शिकवले नव्हते. माझ्या कामात ही नावं साधारण अशी बसतात. घुमारा म्हणजे ६० ते १५० हर्ट्झ. आवाज बद्द किंवा बोदा वाटला तर २०० ते ४०० मध्ये गर्दी झालेली असते. गायक नाकात गातोय असं वाटलं तर १,००० च्या अलीकडे-पलीकडे बघायचं. चिरका, कर्कश म्हणजे ३,००० च्या आसपास, आणि कानाला हा पट्टा सर्वांत लवकर बोचतो, कारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. त्याच्या वर सकाराची शिट्टी, आणि १०,००० च्या पुढे झळाळी. मांडवात एखादे आजोबा साउंडवाल्याला ओरडून सांगतात, ‘अरे, बुवांचा गळा जरा मोकळा कर!’ त्यांना ३०० हर्ट्झच्या खाली-वर दोन डेसिबल कमी करून हवे असतात. साउंडवाला बहुधा एको वाढवतो, तो भाग वेगळा.

इथे मराठीचीच एक खोड सांगायला हवी. आपला ‘च’ दोन प्रकारचा आहे. ‘चहा’मधला टाळूला जीभ लावून येतो, ‘चांगला’मधला दातांशी. दातांशी येणाऱ्या ‘च’च्या शेपटीत ‘स’चं घर्षण असतं आणि त्याची ऊर्जा टाळूवरच्या ‘श’च्या घर्षणापेक्षा बरीच वर, पाच किलोहर्ट्झच्या पुढे, पसरते. परदेशी गायकाच्या आवाजावर बसवलेला तयार प्रीसेट आपल्या अभंगाला लावला, की एखादी शिट्टी सुटते आणि दुसरीकडे भलताच शब्द बोबडा होतो. तेव्हा प्रीसेट उघडून बघा, शिका, पण त्याच्यावर विसंबू नका.

कान तयार करायला महाग खोलीही लागत नाही. पावसाळ्यात शिवथरघळीला जा. समर्थांनी तिथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या धबधब्याच्या गर्जनेत लेखनिकाला शब्द कसे ऐकू आले असतील, ही शंका आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला आल्याशिवाय राहत नाही. असो. धबधब्याच्या आवाजात खालपासून वरपर्यंत जवळजवळ सगळ्या कंप्रता एकदम असतात. परीक्षेच्या गोंगाटाचा हा निसर्गातला नमुना. समोर उभं राहिलं की अंगावर येतो तो ‘श्श्श’. आता हळूहळू घळीच्या आत सरका, खडक मध्ये येऊ द्या. पाणी तेवढंच पडतंय, पण ‘श्श्श’ आटत जातो आणि ‘घूंऽ’ मागे राहतो. उंच कंप्रतांच्या लाटा आखूड, त्यांना खडकाला वळसा घालता येत नाही. खालच्या लांब लाटा वळून आत येतात. पडद्यावर ‘हाय शेल्फ’ नावाचा पट्टा खाली ओढला की जे होतं ते हेच. दहा पावलं आत, दहा पावलं बाहेर, असं डोळे मिटून चार-पाच वेळा केलंत तर शेल्फच्या ज्ञानाचा अर्धा भाग तिथेच पदरात पडतो. शेवाळावर पाय जपून, एवढंच.

इक्वलायझर हे नाव टेलिफोनच्या तारांतून आलं. लांबलचक तारेतून जाताना उंच कंप्रता जास्त झिजतात. पलीकडे पोचलेला आवाज पुन्हा मुळाच्या बरोबरीला आणणारी मंडलं ती इक्वलायझर. म्हणजे मूळ हेतू दुरुस्तीचा होता, नटवण्याचा नव्हता. पुढे अमेरिकेत यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांनी १९५१ मध्ये ‘पल्टेक’ बाजारात आणला. त्यात खालच्या पट्ट्याला वाढवायची आणि घटवायची अशी दोन वेगळी बटणं आहेत. दोन्ही एकदम फिरवली तर ती एकमेकांना पुरतं खोडत नाहीत, खाली फुगवटा आणि त्याच्या जरा वर खळगा तयार होतो. आजही लोक त्या वळणासाठी जीव टाकतात. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला : कंप्रता, उंची आणि रुंदी, तिन्ही वेगवेगळ्या फिरवता येणाऱ्या. आज पडद्यावर ठिपका धरून आपण जी रेघ वर-खाली ओढतो तिचा आजा तो. नंतर संगणक आला. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी अशा फिल्टरांची सूत्रं एका छोट्या ‘कुकबुक’मध्ये मोकळी करून ठेवली, आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ती उचलली. हा तपशील तुलनेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बाहेरून एक निळा, एक लाकडी चौकटीचा, एकाला जुन्या काळचे काळे नॉब. आणि पोटात बऱ्याचदा एकाच घराण्याचं गणित.

मग फरक ऐकू येतो तो कसला? माझीच फजिती सांगतो. एका शक्ती-तुऱ्याच्या रेकॉर्डिंगवर मी दोन प्लगइन लावून बघत होतो, एक फुकटचा आणि एक चांगले पैसे मोजून घेतलेला. महागड्यात शाहिराचा आवाज ‘पुढे आला’, झांजेला ‘हवा’ आली, असं मी दोघा-तिघांना छातीठोक सांगितलं. चार दिवसांनी मीटर लावला, तर महागडा ०.६ डेसिबलने मोठा वाजत होता. दोन्हींची पातळी सारखी केली आणि ती हवा गेली. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, एकदा सुमारे दहा मिनिटं मी ३ किलोहर्ट्झचा चिरका भाग कापत होतो, आवाज मऊ झालेला ऐकत होतो, आणि प्लगइन बायपासवर होता. या धंद्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची अशी एक गोष्ट असते. जो सांगत नाही त्याच्या तुलनेवर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

थोडासा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. त्याचं एक कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं : आवाज कमी असताना कानाला बेस आणि वरची झळाळी कमी ऐकू येते, वाढवला की ती भरून निघते. म्हणून या पुस्तकातला पहिला आणि कधीही न मोडायचा नियम पातळी मिळवण्याचा आहे. आयटीयूच्या बीएस.१७७० या मानकाप्रमाणे एलयूएफएस या आवाजपातळीच्या एककात मोजायचं आणि दोन्ही बाजू ०.१ डेसिबलच्या आत आणायच्या. त्यानंतर कुणाला तरी पडद्यामागे बसवून न सांगता बदल करायला लावायचं, म्हणजे आंधळी परीक्षा. १६ वेळा ऐकून १२ वेळा बरोबर ओळखलंत, तर निव्वळ अंदाजाने असं होण्याची शक्यता १०० त ४ एवढीच. तेव्हा तुम्हाला काहीतरी खरोखर ऐकू येतंय असं म्हणायला हरकत नाही. घरी बायको किंवा धाकटा भाऊ ही परीक्षा घेत असेल तर चहा देऊन बसवा. आठव्या फेरीनंतर परीक्षक कंटाळतो.

दुसरं हत्यार नल टेस्टचं. एकाच फाइलीवर दोन इक्वलायझर, दोघांची रेघ होता होईल तेवढी सारखी, मग एकाचा तरंग उलटा करून दोन्ही एकत्र वाजवायचे. दोघे खरंच एक असतील तर शांतता. काही उरलं तर फरक आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मला वाटलं वायर निघाली. वायर ठीक होती. दोन वेगवेगळ्या नावांचे, वेगवेगळ्या किमतींचे प्लगइन एकमेकांना पुसून टाकत होते. मात्र रेघ सारखी करणं हेच खरं कष्टाचं. क्यू हा रुंदीचा आकडा, पण एकाचा ‘क्यू १’ म्हणजे दुसऱ्याचा ‘क्यू १’ नव्हे. कुणी उंची वाढवली की रुंदी आपोआप आवळतो, कुणी तशीच ठेवतो. आकडे सारखे ठेवून केलेली तुलना ही तुलनाच नाही. पायलीने आणि किलोने मोजलेल्या भातासारखं ते होतं. शिवाय नल टेस्टमध्ये काही उरलं म्हणजे कोण चांगला हे कळत नाही, वेगळेपण तेवढं कळतं.

खरे फरक कुठे असतात, तेही सांगून टाकतो. पुढची प्रकरणं त्यांच्यावरच आहेत. एक जागा वरच्या टोकाची. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत २२.०५ ही वेस आहे. तिच्यापलीकडे गाव नाही. १६ किलोहर्ट्झवर रुंद फुगवटा काढला तर जुन्या यंत्रात त्याचा उजवा उतार वेशीबाहेर सावकाश उतरला असता. साध्या डिजिटल सूत्रात त्याला वेशीच्या आतच शून्यावर यावं लागतं, म्हणून तो त्या बाजूला चेमटतो. सोफोक्लीस ऑर्फानिडिस यांनी १९९७ मध्ये यावर गणिती उतारा मांडला. काही प्लगइन तशा वाटेने जातात, काही आतल्या आत नमुन्यांची संख्या वाढवून वेसच पुढे ढकलतात, काही दुर्लक्ष करतात. टाळ आणि झांज असलेल्या रेकॉर्डिंगात हा फरक दिसतो आणि तरुण कानाला ऐकूही येतो. माझ्या कानाला आता कमी येतो, हे कबूल करतो.

दुसरी जागा कलेची, म्हणजे फेजची. नेहमीचा इक्वलायझर कंप्रतेबरोबर वेळेतही थोडी सरकासरक करतो. ‘लिनिअर फेज’ पद्धत ती टाळते, पण मोबदल्यात थापेच्या आधीच थापेची अस्पष्ट चाहूल ऐकू येऊ शकते, विशेषतः खालच्या पट्ट्यात उभा काप घेतला तर. पखवाजाच्या ‘धा’आधी ‘हूं’ असं काही ऐकलंत तर समजा ती हीच. जाहिरातीत ही पद्धत ‘शुद्ध’ म्हणून मिरवते. आपल्या तालवाद्यांवर मी ती क्वचितच वापरतो. फॅबफिल्टरच्या प्रो-क्यूमध्ये शून्य विलंब, नैसर्गिक आणि लिनिअर अशा तिन्ही पद्धती एकाच खिडकीत मिळतात, म्हणून शिकवायला तो सोयीचा. तिसरी जागा डायनॅमिक पट्ट्यांची : टाळ जोरात पडला तरच ५ किलोहर्ट्झ दबतो, एरवी नाही. भजनासाठी याच्यासारखं औषध नाही, आणि टीडीआर नोव्हा हा असे चार पट्टे असलेला इक्वलायझर फुकट मिळतो. चौथी जागा जुन्या यंत्रांच्या नकलांची, ज्या रेघेबरोबर थोडी विकृतीही मिसळतात. ती कधी गोड लागते. पण मग तिला इक्वलायझर म्हणून तोलू नये, मसाला म्हणून तोलावं.

एवढं सोडलं तर उरतो तो हाताचा प्रश्न. ज्याच्या खिडकीत तुमचा हात लवकर चालतो, ज्याचा ठिपका धरायला सोपा, तो तुमचा. हे कमी दर्जाचं कारण आहे असं मी मानत नाही. पखवाजीही दुसऱ्याच्या हातची कणीक सहसा वापरत नाही. पण पैसे खर्च करायचे असतील तर आधी बऱ्या हेडफोनवर करा, मग खोलीवर. खोलीच्या बाबतीत एक सावधगिरी. भिंतीला गोधड्या टांगून स्टुडिओ केल्याचं समाधान मी पुष्कळ घरांत पाहिलंय. गोधडी फक्त ट्रेबल खाते. बेस तिला विचारतही नाही. परिणाम असा की खोली बद्द होते, तुम्ही तिला तोडगा म्हणून वरची झळाळी वाढवता, आणि ती फाइल बाहेर कुठेही वाजली की दात आंबतात. खोली हाही एक इक्वलायझरच आहे. त्याला बायपासचं बटण नाही.

आणखी एका कामाविषयी, कारण या भागात ते सारखं पुढ्यात येतं. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी घरांच्या पहिल्या मजल्याकडे चढलं. त्यानंतर कितीतरी जणांनी चिखलातून वाचवलेल्या कॅसेटी आणून दिल्या. कुणाच्या वडिलांचं भजन, कुणाच्या गावची बारी. सुकवून, नव्या डबीत भरून त्या वाजवल्या की आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो आणि पहिला मोह होतो तो वरचे पट्टे चढवायचा. थांबा. आधी प्लेअरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून हेडचा कोन फितीशी जुळवा. कोन चुकला असेल तर उंच कंप्रता फितीवर असूनही वाचल्याच जात नाहीत, आणि जे वाचलंच गेलं नाही ते कोणताही इक्वलायझर आणू शकत नाही. तो फक्त फितीची सळसळ वाढवतो. मग फितीचा प्रकार बघा. साध्या फितीला १२० मायक्रोसेकंदांचं वळण असतं, क्रोमला ७० चं; चुकीचं बटण दाबून उतरवलेली कॅसेट पुढे कितीही नटवली तरी तिरकीच राहते. एका कॅसेटीवर मी दोन रात्री चार प्लगइन बदलून बघितले होते. तिसऱ्या दिवशी स्क्रू पाव फेरा फिरवला आणि पेटीमागून एक बाई ‘सावकाश रे’ म्हणताना स्पष्ट ऐकू आली.

पहिल्या प्रकरणासाठी एकच फाइल लागेल : तुम्ही स्वतः टिपलेली, तीन मिनिटांची, ज्यात एक गळा, एक चर्मवाद्य आणि टाळ किंवा झांज आहे. दुसऱ्याची चकचकीत फाइल नको. जिथे तुम्ही हजर होता त्या बैठकीचा खरा आवाज तुमच्या लक्षात असतो आणि तुलनेला तोच धरायचाय. सोबत एक फुकटचा इक्वलायझर, एक एलयूएफएस मीटर, वही. ऐकण्याआधी पंखा बंद करा.